पाच सेकंदांची भट्टी

१. कॅप परवा का मिळते?

सांगली-मिरजेच्या दंतवैद्यांना हल्ली एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. दाताचं माप कॅमेऱ्याने चार-पाच मिनिटांत घेतलं. संगणकावर कॅपचा आकार ठरला. लॅबमधल्या मशिनने पांढऱ्या ठोकळ्यातून ती कॅप अर्ध्या तासात कोरूनही काढली. मग "परवा या" कशासाठी?

उत्तराचा काही भाग अगदी साधा आहे. लॅब दुसऱ्या गावात असते, कुरिअर असतं, आधीच्या पेशंटांची रांग असते. पण एक भाग खरोखरच निसर्गनियमांनी अडवलेला आहे. कोरून निघालेली कॅप खडूइतकी मऊ असते, नखाने खरवडली तर भुकटी पडते. तिला दगडापेक्षा कठीण करायचं तर सुमारे १४५० ते १५५० अंश सेल्सिअसच्या विजेच्या भट्टीत ठेवावं लागतं. हळूहळू तापवणं, वरच्या तापमानाला दोनेक तास मुरवणं आणि हळूहळू थंड करणं, असं मिळून नेहमीच्या पद्धतीत सात-आठ तास जातात. म्हणून बहुतेक लॅब संध्याकाळी भट्टी भरतात आणि सकाळी उघडतात.

ही कॅप झिरकोनियाची, म्हणजे झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडची असते. चिनी मातीचा कप, छपरावरचं कौल आणि ही कॅप एकाच मोठ्या कुळातली. धातू नाही, प्लास्टिक नाही आणि भाजून पक्की होते, अशा पदार्थांच्या या कुळाला सिरॅमिक म्हणतात. कुंभाराच्या आव्यापासून दाताच्या लॅबपर्यंत या कुळाचा एकच शिरस्ता चालत आला: भाजायला वेळ लागतो. २०१० साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने याच झिरकोनियाचा तुकडा पाच सेकंदांच्या आत पक्का करून दाखवला, तोही ८५० अंशांच्या भट्टीत. त्यांनी भट्टीच्या जोडीला फक्त विजेच्या दोन तारा वापरल्या होत्या.

हे कसं झालं ते कळण्यासाठी आधी भाजणं म्हणजे काय ते पाहू.

२. न वितळता एकजीव

झिरकोनिया वितळतो सुमारे २७०० अंशांना. कॅप भाजली जाते १५०० च्या आसपास. म्हणजे भट्टीत काहीही वितळत नाही, तरी भुकटीचे कण एकमेकांत मिसळून अखंड घन तयार होतो.

पावसाळ्यात साखरेच्या डब्यात असंच काहीसं घडतं. दाणे जिथे एकमेकांना टेकतात तिथे बारीक सांधे तयार होतात, आणि महिन्याभराने चमच्याने फोडावा लागणारा गड्डा हाती येतो. साखर वितळली नव्हती. दाण्यांच्या पृष्ठभागावरचे रेणू सरकून सांध्यांच्या खाचेत जाऊन बसले. साखरेत हे काम हवेतली ओल करते, भट्टीत ते उष्णता करते. शिवाय साखरेचा गड्डा पोकळच राहतो. भट्टीत मात्र सांधे रुंदावत जातात, कणांची केंद्रं जवळ येतात, मधल्या फटी आकसतात आणि शेवटी जवळजवळ नाहीशा होतात. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात.

कणांना ही बुद्धी का सुचते? पदार्थाच्या पोटातल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूचे काही शेजारी कमी असतात, म्हणून त्याची ऊर्जा जास्त असते. भुकटी जितकी बारीक, तितका तिचा एकूण पृष्ठभाग मोठा आणि तितकी तिच्यात साठलेली ऊर्जा जास्त. कण एकजीव झाले की पृष्ठभाग घटतो आणि ती ऊर्जा सुटते. बारीक भुकटी लवकर भाजते ती यामुळेच.

फटी गेल्या की वस्तू लहान होते. किती, ते दाताच्याच उदाहरणाने काढू. कोरायच्या ठोकळ्यात साधारण निम्मा भाग झिरकोनिया आणि निम्मा पोकळ असतो. भाजताना प्रत्येक बाजू २० टक्क्यांनी आकसली असं धरू. म्हणजे १० मिलिमीटरचा दात हवा असेल तर कॅप १२.५ मिलिमीटरची कोरावी लागेल, कारण १२.५ चे ८० टक्के म्हणजे १०. आता आकारमान पाहा: ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.५१२. आकारमान निम्म्यावर आलं, म्हणजे पोकळी संपली. संगणक हा हिशेब करूनच कॅप मोठी कोरतो.

सांगली-सातारा पट्ट्यात सिंटरिंग हा शब्द दंतवैद्यांच्या किती तरी आधीपासून फाउंड्रीवाल्यांच्या तोंडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. त्या भागात, तसंच कुपवाड, कराड, सातारा इथे आज ओतकाम चालतं ते मुख्यतः इंडक्शन फर्नेसवर. या फर्नेसच्या तांब्याच्या कॉइलच्या आत पांढऱ्या गारगोटीच्या भुकटीचं अस्तर असतं. बोरिक ॲसिड मिसळलेली ही कोरडी रॅमिंग मास कॉइल आणि पोलादी साचा (फॉर्मर) यांच्या मध्ये ठासून भरायची आणि पहिली हीट हळूहळू चढवायची. ती चढताना धातूला भिडलेला थर दगडासारखा पक्का होतो, मधला थर अर्धवट चिकटतो आणि कॉइलकडचा थर सुटाच राहतो. नवं लायनिंग केल्यावर "आज सिंटरिंग आहे" असं सुपरवायझर सांगतो, तेव्हा त्याला म्हणायचं असतं की आज घाई करायची नाही. गारगोटीतलं क्वार्ट्झ ५७३ अंशांना एकदम फुगतं. तो टप्पा दमाने पार केला नाही तर अस्तराला भेगा पडतात. भेगेतून वितळलेलं लोखंड कॉइलपर्यंत पोहोचलं तर काय होतं, हे कुठल्याही फाउंड्रीवाल्याला सांगावं लागत नाही.

३. घाई केली तर काय बिघडतं?

वेळ लागण्याची कारणं दोन, आणि ती वेगवेगळी आहेत.

पहिलं कारण भट्टीचं. भट्टी वस्तूला बाहेरून तापवते. उष्णता आधी कातडीला लागते, मग आत झिरपते. सिरॅमिकमधून उष्णता सावकाश जाते, आणि झिरकोनिया तर त्यातही मंद. बाहेरचा भाग आकसायला लागला आणि आतला अजून थंड असला की ताण येतो आणि तडा जातो. मोठी वस्तू म्हणूनच जास्त जपून तापवतात. भट्टीच्या स्वतःच्या विटाही तापाव्या लागतात, तो वेळ आणि ती वीज वेगळीच. कृष्णाकाठच्या वीटभट्टीत कोळसा, भुसा आणि बगॅस घालून रचलेला थर कित्येक दिवस धुमसतो, त्यातही हेच चाललेलं असतं: उष्णता एका विटेकडून दुसरीकडे पोहोचण्याची वाट पाहणं.

दुसरं कारण अणूंचं. अणू जागा बदलतो तो उडी मारून, आणि उडीसाठी किमान ऊर्जा लागते. तापमान थोडं वाढलं की उड्यांचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. मग तापमानच भरपूर का वाढवू नये? कारण उड्या दोन प्रकारच्या आहेत. काही अणू कणांच्या पृष्ठभागावरून सरकतात. यामुळे बारीक कण मोठे होतात, पण फटी तशाच राहतात. काही अणू दोन कणांच्या सांध्यातून निघून फटीत येतात, आणि खरी पोकळी भरते ती या उड्यांनी. पहिल्या प्रकारच्या उड्या कमी तापमानालाच सुरू होतात, दुसऱ्या प्रकारच्या जास्त तापमानाला जोर धरतात.

आता पारंपरिक भट्टी काय करते ते पाहा. ती मिनिटाला पाच-दहा अंशांनी चढते. म्हणजे ज्या तापमानाला फक्त कण माजतात आणि फटी भरत नाहीत, तिथून जाताना ती तासन्‌तास रेंगाळते. बारीक भुकटी घेण्याचा अर्धा फायदा तिथेच वाया जातो. वर पोहोचल्यावर मग तास-दोन तास थांबणं भाग पडतं, आणि त्या वेळात कण आणखी मोठे होतात. कण मोठे म्हणजे सहसा ताकद कमी.

यातून एक शंका निघते. त्या मधल्या टप्प्यावरून झटकन उडी मारता आली तर? वस्तूला बाहेरून नव्हे, आतूनच तापवता आलं तर? फाउंड्रीत कोकवर चालणाऱ्या क्युपोलाच्या जागी इंडक्शन फर्नेस आली तेव्हा धातूच्या बाबतीत हेच घडलं होतं. वीज धातूच्या पोटात फिरली आणि धातू स्वतःच तापू लागला. पण धातूमधून वीज जाते. सिरॅमिकमधून?

४. इन्सुलेटर तापला की

इथे वाचक थांबून विचारेल की विजेच्या खांबावरचे इन्सुलेटर चिनी मातीचेच असतात ना? मीटरच्या बोर्डावरचा किटकॅट फ्यूज चिनी मातीचाच असायचा. वीज अडवण्यासाठीच तर ती वापरतात.

बरोबर आहे, पण खोलीच्या तापमानाला. धातू तापला की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो. सिरॅमिक आणि काच यांचं उलट असतं: तापतील तसा विरोध घटतो, आणि तोही झपाट्याने. झिरकोनियात तर याची खास सोय केलेली असते. शुद्ध झिरकोनिया थंड होताना ११७० अंशांच्या आसपास रचना बदलतो, फुगतो आणि चिरतो. ते टाळण्यासाठी त्यात थोडा यिट्रिया, म्हणजे यिट्रियमचा ऑक्साइड मिसळतात. यिट्रियमचे दोन अणू झिर्कोनियमच्या जागी बसले की ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. चांगलं तापवलं की शेजारचा ऑक्सिजन त्या रिकाम्या जागेत उडी मारतो, त्याची जागा रिकामी होते, तिथे दुसरा येतो. ऑक्सिजनचे हे अणू विद्युतभारित असतात, त्यामुळे ही सरकासरकी म्हणजेच वीजप्रवाह. तुमच्या बीएस-६ मोटारसायकलच्या एक्झॉस्टवर जो ऑक्सिजन सेन्सर असतो, तो बहुधा याच झिरकोनियाचा असतो आणि गरम झाल्याशिवाय काम करत नाही, तो यामुळेच.

हा गुण काही नवा शोध नाही. जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठातल्या वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८९७ साली त्याचा दिवा केला होता. ८५ टक्के झिरकोनिया आणि १५ टक्के यिट्रिया यांची बारीक कांडी, तिच्या दोन टोकांना तारा. थंड कांडीतून वीज जात नसे. आधी ज्योतीने, पुढे प्लॅटिनमच्या तारेने ती तापवावी लागे. पुरेशी तापली की तिच्यातून वीज वाहू लागे, त्या विजेने ती आणखी तापे आणि पांढऱ्याशुभ्र प्रकाशाने उजळे. एडिसनच्या बल्बसारखी निर्वात काच तिला लागत नसे, कारण ऑक्साइड आणखी काय जळणार! जर्मनीतल्या एईजी कंपनीने या दिव्याचे हक्क दहा लाख मार्क देऊन घेतले.

या दिव्यात एक खोड होती. तापला की विरोध कमी, विरोध कमी की वीज जास्त, वीज जास्त की ताप आणखी जास्त. आवर घातला नाही तर कांडी स्वतःलाच जाळून टाकायची. म्हणून तिच्या जोडीला हायड्रोजन भरलेल्या नळीत लोखंडी तार बसवावी लागे. लोखंडाचा विरोध तापल्यावर वाढतो, त्यामुळे ती तार लगामाचं काम करी. पुढे टंगस्टनचा बल्ब आला आणि नेर्न्स्टचा दिवा घराघरांतून हद्दपार झाला. प्रयोगशाळांत इन्फ्रारेड किरणांचा स्रोत म्हणून मात्र तो कित्येक दशकं टिकला.

आपल्याकडे त्या काळात प्रकाशाचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटत होता. कराडजवळ ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना उभारला, ओगलेवाडी हे गावच त्यातून वसलं, आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर गेला. कंदिलाच्या काचेतही हाच गुण आहे. थंड काच पक्की इन्सुलेटर. पण मऊ होईपर्यंत तापवली की तिच्यातून वीज वाहू लागते, आणि मग बाहेरची ज्योत काढून घेतली तरी ती विजेच्याच जोरावर तापलेली राहते. काही आधुनिक काचभट्ट्यांत वितळलेल्या काचेत इलेक्ट्रोड बुडवून तिला असं आतून तापवतात. घरच्या विजेवर हा प्रयोग कुणी करू नये, जिवावर बेतेल.

सारांश, १९०० सालापूर्वीच तीन गोष्टी माहीत होत्या: तापलेल्या झिरकोनियातून वीज जाते, ती गेली की तो आणखी तापतो, आणि हे चक्र बेफाम होऊ शकतं. शंभर वर्षं या तिसऱ्या गोष्टीकडे सगळ्यांनी खोड म्हणूनच पाहिलं. मला या सगळ्या कथेत सर्वात नवल वाटतं ते याचं.

५. बोल्डर, २०१०

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या प्रयोगशाळेत मार्को कोलोन्या, बोरियाना राश्कोव्हा आणि भारतीय वंशाचे प्राध्यापक ऋषी राज सिंटरिंगवर विजेचा काय परिणाम होतो ते तपासत होते. त्यांनी झिरकोनियाच्या अतिसूक्ष्म भुकटीची, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये निमुळती अशी पट्टी दाबून बनवली. तिच्या टोकांच्या भोकांतून प्लॅटिनमच्या तारा ओवल्या आणि ती साध्या भट्टीत टांगली. तारांमध्ये ठरावीक व्होल्टेज देऊन भट्टी हळूहळू तापवत नेली आणि कॅमेऱ्याने पट्टीची लांबी टिपत राहिले.

दर सेंटिमीटरला २० व्होल्ट दिले तर फारसं वेगळं काही दिसलं नाही. नेहमीपेक्षा थोडं लवकर आकसणं, इतकंच. व्होल्टेज वाढवत नेलं तसं मात्र अघटित घडलं. १२० व्होल्टला, भट्टी ८५० अंशांच्या आसपास आली असता, पट्टीतून जाणारी वीज एकाएकी उसळली, पट्टी झळाळली आणि पाच सेकंदांच्या आत आकसून पूर्ण घट्ट झाली. एरवी याच भुकटीला १४५० अंशांवर तासन्‌तास घालवावे लागतात. त्या झळाळीवरून या पद्धतीला फ्लॅश सिंटरिंग म्हणतात. त्याच वर्षी अमेरिकन सिरॅमिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्याच्या शीर्षकातच पाच सेकंद आणि ८५० अंश हे दोन्ही आकडे होते.

यातली खरी हुशारी दिसते ती वीजपुरवठ्याच्या यंत्रात. त्या यंत्राला आधीच सांगून ठेवलेलं असतं की प्रवाह अमुक मर्यादेपलीकडे जाऊ द्यायचा नाही. चक्र बेफाम होऊ द्यायचं, पण मर्यादा गाठताच व्होल्टेज आपोआप खाली आणायचं. नेर्न्स्टने ज्या घोड्याला सतत लगाम लावून ठेवला, त्याला इथे काही क्षण मोकळं सोडून मग लगाम खेचला.

६. थोडी आकडेमोड

तुकड्यात तयार होणारी उष्णता काढायचं सूत्र शाळेतलंच: व्होल्टेजचा वर्ग भागिले विरोध. एक काल्पनिक तुकडा घेऊ, एक सेंटिमीटर लांब, तीन मिलिमीटर रुंद, दोन मिलिमीटर जाड. त्याला १०० व्होल्ट दिले.

भट्टीत एका टप्प्यावर तुकड्याचा विरोध १०,००० ओम आहे. १०० चा वर्ग १०,०००, भागिले १०,०००, म्हणजे एक वॅट. एवढी उष्णता तुकडा आजूबाजूला सहज टाकून देतो, फारसा तापत नाही. भट्टी थोडी चढली, विरोध ५,००० झाला. आता दोन वॅट. तुकडा भट्टीपेक्षा जरा जास्त गरम होतो, म्हणून त्याचा विरोध आणखी उतरतो. २,००० ओमला पाच वॅट, १,००० ला दहा. एका विशिष्ट बिंदूनंतर वाढणारी उष्णता बाहेर टाकता येण्याजोग्या उष्णतेला मागे टाकते. तिथून पुढे भट्टीची गरजच उरत नाही, तुकडा स्वतःच्या जोरावर शेकडो अंश चढतो. तोपर्यंत काहीच घडत नसल्यासारखं वाटतं आणि मग सगळं एकदम घडतं, त्याचं कारण हे.

समजा, मर्यादा अशी ठेवली की तुकड्यातली उष्णता ३० वॅटच्या वर जाऊ नये. तुकड्याचं आकारमान ६० घन मिलिमीटर, म्हणजे दर घन मिलिमीटरला अर्धा वॅट. प्रत्यक्ष प्रयोगांतले आकडेही याच्याच आसपास असतात. ३० वॅट पाच सेकंद म्हणजे १५० जूल. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब एवढी ऊर्जा सतरा सेकंदांत खातो.

हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. भोवतालची भट्टी ८५० अंशांवर ठेवायला जी वीज लागली ती यात धरलेली नाही. बचत होते ती भट्टी १४५० पर्यंत न्यावी लागत नाही आणि तिथे तास-दोन तास थांबावं लागत नाही, यामुळे.

७. करामत विजेची की उष्णतेची?

पहिला लेख आल्यानंतर जो वाद सुरू झाला तो पुरता मिटलेला नाही. राज यांचं म्हणणं असं की नुसत्या उष्णतेने हे घडू शकत नाही. विद्युतक्षेत्रामुळे अणू आपापल्या जागा सोडून बाहेर पडतात, रिकाम्या जागा आणि भटके अणू यांच्या जोड्या मोठ्या संख्येने तयार होतात आणि त्यामुळे अणूंची ये-जा नेहमीच्या नियमांपलीकडे वाढते. तुकड्यातून निघणारा प्रकाश हा नुसता तापलेल्या वस्तूचा नाही, असंही त्यांच्या गटाने दाखवायचा प्रयत्न केला.

समोरच्या बाजूला ऑक्सफर्डचे रिचर्ड टॉड आणि सॅन डिएगोचे जियान लुओ यांच्यासारखे संशोधक. त्यांनी गणित मांडून दाखवलं की चक्र कोणत्या तापमानाला बेफाम होणार हे फक्त विरोध आणि उष्णतेच्या हिशेबावरून सांगता येतं, आणि ते प्रयोगांशी जुळतं. २०१७ साली टॉड यांच्या गटाने आणखी पुढे जाऊन विजेशिवायच झिरकोनिया विलक्षण वेगाने तापवला. तोही तसाच झपाट्याने घट्ट झाला. २०२० साली मेरिलँड विद्यापीठातल्या लियांगबिंग हू यांच्या गटाने तर कार्बनच्या दोन तापलेल्या पट्ट्यांमध्ये तुकडा ठेवून नाना प्रकारची सिरॅमिक दहाएक सेकंदांत पक्की केली. त्यांच्या तुकड्यातून वीज जातच नव्हती.

मला टॉड यांची बाजू जास्त पटते, निदान पाच सेकंदांच्या मुख्य प्रश्नापुरती. तिसऱ्या भागातल्या त्या दोन प्रकारच्या उड्या आठवा. कण माजवणाऱ्या तापमानावरून डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे गेलं तर बारीक भुकटीची सगळी ऊर्जा फटी भरायलाच मिळते. वेग हाच खरा मसाला, आणि वीज हा तो वेग आतपर्यंत पोहोचवण्याचा एक फार सोयीचा मार्ग. पण विद्युतक्षेत्राचा स्वतःचा असर शून्य आहे, असंही म्हणता येत नाही. एकाच दिशेची वीज दिली तर तुकड्याची ऋण टोकाकडची बाजू काळवंडते, कारण ऑक्सिजन त्या बाजूने सरकून निघून गेलेला असतो. दोन टोकांकडचे कण वेगवेगळ्या मापाचे निघतात. ही चिन्हं नुसत्या भट्टीत दिसत नाहीत.

८. आपल्या भट्ट्यांना याचा उपयोग?

सगळ्यात आधी विटा. वीटभट्टीवाल्याने हे प्रकरण वाचून आशा धरू नये. वीट स्वस्त असते, मोठी असते, तिची माती दर खेपेला वेगळी असते आणि तिच्यात आधीच काचेसारखा द्रव तयार होऊन ती ९००-१००० अंशांना पक्की होते. तिला प्लॅटिनमच्या तारा जोडणं म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला महाग. इंडक्शन फर्नेसच्या लायनिंगचाही यात लाभ नाही. ते मुद्दामच अर्धं कच्चं ठेवायचं असतं आणि क्वार्ट्झच्या फुगण्याला घाई चालत नाही.

दाताच्या कॅपचं काय? पदार्थ तोच, पण आकार अडचणीचा. वीज नेहमी कमी विरोधाची वाट शोधते. साध्या पट्टीतून ती सारखी वाहते. कॅपची एक कड जाड, दुसरी पातळ, वर खाचा, आत पोकळी. जिथे थोडा जास्त प्रवाह गेला तिथे ताप जास्त, ताप जास्त तिथे विरोध कमी, म्हणजे आणखी प्रवाह तिथेच. चक्र सगळ्या तुकड्यात न फिरता एका वाटेवर फिरतं, ती वाट वितळू शकते आणि बाजूचा भाग कच्चा राहतो. आकार वाढला की ही डोकेदुखी वाढते. दाताच्या धंद्याने म्हणून दुसरी वाट धरली: छोट्या, अतिजलद तापणाऱ्या भट्ट्या. त्या एकेक कॅप वीस-तीस मिनिटांत भाजतात. ज्या दवाखान्यात अशी भट्टी आणि कोरायचं मशिन दोन्ही आहे, तिथे कॅप त्याच दिवशी बसते. वेगाने तापवलं तरी चालतं, हा धडा तिथे विद्युतक्षेत्राशिवायच कामी आला.

मग फ्लॅशची जागा कुठे? जिथे वस्तू सपाट आणि पातळ आहे, पदार्थ महाग आहे आणि कण बारीक राहण्याला किंमत आहे, तिथे. झिरकोनियाचे पातळ थर वापरणारे इंधनघट हा त्यातला ठळक उमेदवार. अणुभट्टीच्या इंधनाच्या गोळ्या हा दुसरा. युरेनियम ऑक्साइडच्या या गोळ्या हायड्रोजनयुक्त वातावरणात सुमारे १७०० अंशांवर कित्येक तास भाजाव्या लागतात, आणि त्यांच्यावरही फ्लॅशचे प्रयोग झाले आहेत. शुद्ध ॲल्युमिना, ज्याचा स्पार्क प्लग बनतो, तो मात्र तापूनही विजेला फारशी दाद देत नाही. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइडसारखं काही किंचित मिसळलं की तो वाकतो. म्हणजे प्रत्येक पदार्थाची नाडी वेगळी, आणि सरसकट कारखानदारीपासून ही पद्धत अजून लांब आहे.

सांगली, कराड, सातारा आणि शेजारच्या कोल्हापुरात अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांची कमतरता नाही. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना एक सांगणं आहे. प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर हा विषय मोठमोठ्या यंत्रांचा मिंधा नाही. हजार अंशांपर्यंत जाणारी नळीची भट्टी, प्रवाहाला मर्यादा घालता येणारा काहीशे व्होल्टचा वीजपुरवठा, प्लॅटिनमची थोडी तार, भुकटी दाबायची डाय आणि एक चांगला कॅमेरा एवढ्यावर तो सुरू होतो. झिरकोनियाची बारीक भुकटी महाग पडली तर झिंक ऑक्साइड घ्या. ते स्वस्त असतं, कमी तापमानाला विजेला वाट देतं आणि त्याच्यावरचे निकाल पडताळायला भरपूर छापील साहित्य आहे. तापलेल्या भट्टीत उघड्या तारांना शेकडो व्होल्ट असतात, तेव्हा भट्टीचं दार उघडताच वीज तुटेल अशी सोय आधी करा, एकट्याने प्रयोग करू नका, आणि प्रवाहाची मर्यादा यंत्रावर लावल्याशिवाय बटण दाबू नका.